डॉक्टरला अटक झाली, पुढे काय?

सौंसर आणि पांढुर्णा मध्य प्रदेशाच्या नकाशावर आहेत, पण घरातला माणूस जास्त आजारी पडला की गाडी नागपूरच्याच रस्त्याला लागते. पिढ्यानपिढ्या हे असेच चालत आले आहे. संत्र्याचा बाजार नागपूरचा, सोयरीक काटोल-नरखेड-सावनेरकडची, घरातली बोली मराठी आणि मोठा डॉक्टर म्हणजे नागपूरचा. कागदावर मात्र हा भाग आधी छिंदवाडा जिल्ह्याचा होता आणि ऑक्टोबर २०२३ पासून तो पांढुर्णा नावाचा वेगळा जिल्हा झाला. राजधानी भोपाळ, उच्च न्यायालय जबलपूरला. उपचार एका राज्यात आणि सरकार दुसऱ्या राज्यात, ही अडचण इथले लोक एरवी निभावून नेतात. २०२५ च्या सप्टेंबरात ती निभली नाही.

त्या महिन्यात छिंदवाड्याच्या परासिया भागातली लहान मुले सर्दी-तापाने आजारी पडली. औषध दिले, ताप उतरला आणि मग लघवीच बंद झाली. मूत्रपिंडे निकामी झालेली ही मुले एकामागून एक नागपूरच्या रुग्णालयांत पोचू लागली. बहुतेक मुले पाच वर्षांखालची. कुठे पाणी दूषित असावे, कुठे उंदरांमुळे पसरणारा आजार असावा, असे तर्क लढवले गेले. नागपुरात मूत्रपिंडाचा तुकडा काढून तपासला तेव्हा इजा कुठल्या तरी विषारी द्रव्यामुळे झाल्याचे दिसले. धागा एका खोकल्याच्या औषधापाशी जाऊन थांबला. नाव कोल्ड्रिफ, बॅच क्रमांक एसआर-१३, मे २०२५ मध्ये तमिळनाडूतल्या कांचीपुरम जिल्ह्यात स्रेसन फार्मास्युटिकल्स या कंपनीत तयार झालेली. ऑक्टोबरच्या पहिल्याच आठवड्यात मृत मुलांचा आकडा वीसवर गेला. राज्य सरकारने तेव्हा दिलेल्या हिशेबात छिंदवाड्याची १७, बैतूलची दोन आणि पांढुर्णा जिल्ह्यातले एक मूल होते. पुढे आकडा आणखी वाढला.

त्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल ४८.६ टक्के निघाले. मर्यादा आहे ०.१ टक्के. म्हणजे बाटलीतले जवळपास अर्धे औषध हे कारखान्यात वापरायचे रसायन होते, जे मूत्रपिंड जाळते आणि चवीला गोड असल्याने लेकराच्या तोंडून परतही येत नाही.

४ ऑक्टोबरला मध्य प्रदेशात औषधावर बंदी आली आणि त्याच रात्री परासियातल्या एका सरकारी बालरोगतज्ज्ञाला पोलिसांनी अटक केली. खासगी दवाखान्यात ते हे औषध लिहून देत होते. गुन्हा नोंदला गेला तो भारतीय न्याय संहितेच्या कलम १०५ खाली, म्हणजे सदोष मनुष्यवधाचा, सोबत औषधात भेसळीचे कलम २७६ आणि औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याचे कलम २७. कंपनीचा मालक ९ ऑक्टोबरला चेन्नईत सापडला. इंडियन मेडिकल असोसिएशनने डॉक्टरच्या अटकेचा निषेध केला. दुसऱ्या बाजूला मुले गमावलेल्या घरांना वाटले की निदान एकाच्या तरी हातात बेड्या पडल्या. दोन्हीकडचा राग खरा होता. त्या रागात जो प्रश्न मागे पडला, तो या लेखाचा विषय आहे: वैद्यकीय गैरवर्तनाची जबाबदारी कायद्याने कोणाकोणावर आणि किती टाकायची?

डॉक्टरने बाटली उघडून रसायन तपासावे अशी अपेक्षा कोणी करत नाही. लायसन्स असलेल्या कंपनीचे, दुकानात राजरोस विकले जाणारे औषध शुद्ध असेल हे डॉक्टर गृहीत धरतो आणि त्याने ते धरायलाही हवे. त्यामुळे विषाचा दोष त्याच्यावर ढकलता येणार नाही. पण त्याच्या वाट्याची जबाबदारी तिथे संपत नाही. कोल्ड्रिफमध्ये पॅरासिटामॉलसोबत क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन होते. या शेवटच्या दोघांचे मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, तशी सूचना बाटलीवर छापावी, असे केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये सगळ्या राज्यांना कळवले होते. ते लहान मुलांना लिहून दिले गेले असेल, तर का? पहिली दोन-तीन मुले लघवी बंद होऊन परत आली तेव्हा डॉक्टरने काय केले? औषध थांबवले का, वरिष्ठांना कळवले का? हे औषध लिहून देण्याबद्दल मिळणाऱ्या कमिशनचाही मुद्दा पोलिसांनी न्यायालयात मांडला आहे. तो खरा असेल तर तो निव्वळ निष्काळजीपणा राहत नाही. ही सगळी प्रश्नचिन्हे पुराव्याने पुसायची आहेत आणि ते काम न्यायालयाचे आहे. तोवर त्या डॉक्टरला खुनी ठरवणे जसे चूक, तसेच तो केवळ बळीचा बकरा आहे असे म्हणणेही चूक.

कायद्याने यासाठी एक रेघ आखून ठेवली आहे आणि ती बरीच विचारपूर्वक आखली आहे. २००५ मध्ये जेकब मॅथ्यू विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे लुधियानाच्या एका रुग्णालयातले प्रकरण होते. श्वास लागलेल्या रुग्णासाठी आणलेले ऑक्सिजनचे सिलिंडर रिकामे निघाले आणि रुग्ण दगावला. डॉक्टरवर फौजदारी खटला भरला गेला. न्यायालयाने तो रद्द केला आणि सांगितले की डॉक्टरचा प्रत्येक चुकलेला निर्णय गुन्हा होत नाही. फौजदारी कारवाईसाठी चूक ढोबळ असावी लागते, सारासार बुद्धीच्या कुठल्याही डॉक्टरने केली नसती इतकी मोठी. पोलिसांनी फौजदारी पावले उचलण्याआधी त्याच शाखेतल्या निष्पक्ष, शक्यतो सरकारी डॉक्टरचे मत घ्यावे, आणि आरोप झाला म्हणून सरसकट अटक करू नये.

एप्रिल २०२५ मध्ये पुण्यात ही पद्धत काम करताना दिसली. दीनानाथ मंगेशकर रुग्णालयात एका गर्भवती महिलेच्या कुटुंबाकडे दहा लाख रुपये आगाऊ मागितल्याचा आरोप झाला. ती पुढे दुसऱ्या रुग्णालयात दगावली. शहर पेटले, रुग्णालयाच्या दारात मोर्चे आले, तरी पोलिसांनी सरकारी ससून रुग्णालयाच्या समितीचा अहवाल येईपर्यंत गुन्हा नोंदवला नाही. अहवाल आल्यावर संबंधित डॉक्टरवर कलम १०६(१) खाली गुन्हा दाखल झाला. हे कलम निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूचे आहे. इतरांना त्यात पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, नोंदणीकृत डॉक्टरकडून उपचार करताना मृत्यू झाला तर दोन वर्षांपर्यंत. परासियात मात्र थेट कलम १०५ लावले गेले, ज्यात जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. इतके मोठे कलम लावले की ते सिद्ध करण्याचे ओझेही मोठे होते. उद्या न्यायालयात ‘डॉक्टरला विषाची कल्पना होती’ हे सिद्ध झाले नाही आणि तो सुटला, तर त्या घरांच्या पदरात काय पडणार? संतापाच्या भरात लावलेले कलम कधी कधी आरोपीच्याच कामी येते, ही भीती बोलून दाखवायला हवी.

खरे तर जबर शिक्षेची तरतूद जिथे लागू पडायला हवी ते ठिकाण वेगळे आहे. भेसळीच्या औषधाने मृत्यू झाला तर ते बनवणाऱ्या-विकणाऱ्याला किमान दहा वर्षे ते जन्मठेप आणि किमान दहा लाख रुपये दंड, असे औषध कायद्याच्या कलम २७ मध्ये लिहिले आहे. वसूल झालेला दंड मृताच्या वारसांना द्यायचा, हेही त्यातच आहे. स्रेसनच्या कारखान्यात तमिळनाडूच्या निरीक्षकांनी ऑक्टोबरमध्ये जाऊन पाहिले तेव्हा ३९ गंभीर आणि ३२५ मोठ्या त्रुटी सापडल्या. एवढ्या त्रुटी एका रात्रीत जमा होत नाहीत. मग आधीची वर्षे निरीक्षक काय पाहत होते? मध्य प्रदेशातही प्रश्न हाच आहे. मुले सप्टेंबरच्या सुरुवातीपासून मरत होती. तमिळनाडूला पत्र गेले १ ऑक्टोबरला. तिथल्या प्रयोगशाळेने सुट्टीच्या दिवसांतही एक-दोन दिवसांत विष शोधून दिले. त्याच आठवड्यात मध्य प्रदेश सरकार मात्र तपासून झालेल्या नमुन्यांत दोष नसल्याचे सांगत होते. नंतर दोन औषध निरीक्षक आणि एक उपसंचालक निलंबित झाले, औषध नियंत्रकांची बदली झाली. निलंबन आणि बदली ही खात्याची कारवाई आहे. डॉक्टरला फौजदारी गुन्हा आणि निरीक्षकाला निलंबन, हा तोल कोणत्या तराजूत बसतो?

महाराष्ट्राला हे चित्र परके नाही. १९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. त्यांना दिलेल्या ग्लिसरीनमध्ये हेच डायएथिलीन ग्लायकॉल होते. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने त्यावर जे काम केले ते आजही वाचण्यासारखे आहे, कारण लेंटिन यांनी एका डॉक्टरला किंवा एका पुरवठादाराला धरून प्रकरण मिटवले नाही. औषधखरेदी कशी झाली, कमी दराची निविदा कोणी मंजूर केली, अन्न व औषध प्रशासनात परवाने कसे दिले जात, मंत्र्यांच्या कार्यालयातून कोणाचे फोन येत, हे सगळे त्यांनी उलगडले. अहवाल जाहीर झाल्यावर आरोग्यमंत्री भाई सावंत यांना राजीनामा द्यावा लागला. छिंदवाड्याच्या प्रकरणात विशेष तपास पथक नेमले गेले, अंमलबजावणी संचालनालयाने छापे घातले, तरी न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखाली, उघड सुनावणी घेणारी, मंत्रालयापर्यंत हात पोचणारी तशी चौकशी इथेही व्हायला हवी. त्याच विषाने जवळपास चाळीस वर्षांनी पुन्हा जीव घेतले. १९८६ ला मुंबई, २०२० च्या सुमारास जम्मूतले रामनगर, २०२२ मध्ये गांबिया आणि उझबेकिस्तान. गांबियात जवळपास सत्तर मुले गेली, औषध भारतातून गेले होते. अमेरिकेत १९३७ मध्ये शंभराहून अधिक लोक याच रसायनाने मेले, आणि पुढच्याच वर्षी तिथे औषध विकण्याआधी त्याची सुरक्षितता दाखवण्याची सक्ती करणारा कायदा झाला.

पण विषारी औषध ही अपवादात्मक घटना आहे. पांढुर्णा-सौंसरच्या माणसावर ज्या चुका रोज येऊन आदळू शकतात त्या वेगळ्या: उशिरा पाठवलेला रुग्ण, न सांगता केलेले ऑपरेशन, बाळंतपणात झालेली हयगय, पदवी नसलेला झोलाछाप आणि त्याने टोचलेली सुई. इथे पोलीस ठाण्यापेक्षा दुसरे रस्ते जास्त उपयोगी पडतात आणि तेच लोकांना माहीत नसतात.

डॉक्टरची जबाबदारी म्हणजे नेमके काय, हे भारतात ज्या खटल्याने सांगितले तो मराठी घरातलाच आहे. मे १९५३ मध्ये गुहागरजवळच्या पालशेतच्या किनाऱ्यावर एका वीस वर्षांच्या तरुणाचे मांडीचे हाड मोडले. खुद्द डॉक्टर असलेल्या वडिलांनी, त्र्यंबक बापू गोडबोले यांनी, मुलाला पुण्याला डॉ. लक्ष्मण बाळकृष्ण जोशी यांच्या रुग्णालयात हलवले. तिथे भूल न देता जोर लावून हाड बसवण्याचा प्रयत्न झाला आणि त्या धक्क्याने मुलगा त्याच दिवशी गेला, असा निष्कर्ष न्यायालयांनी काढला. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६८ मध्ये निकाल लागला. भरपाई तीन हजार रुपये. त्या निकालातली तीन कर्तव्ये आजही प्रत्येक खटल्यात सांगितली जातात: रुग्ण हाती घ्यायचा की नाही ते ठरवताना, उपचार कोणता करायचा ते ठरवताना आणि तो करताना, तिन्ही वेळा वाजवी काळजी घेणे. डॉक्टरने चमत्कार करावा असे कुठेही म्हटलेले नाही. रकमेपेक्षा मोलाची गोष्ट अशी, की एका डॉक्टर बापाने दुसऱ्या डॉक्टरविरुद्ध पंधरा वर्षे लढून पुढच्या सगळ्यांसाठी हा रस्ता मोकळा केला.

सरकारी दवाखान्याचे प्रकरण थोडे अधिक अवघड आहे. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्याखाली आणली, पण ज्या रुग्णालयात सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात ते त्यातून वगळले. नावापुरती पावती फाडली म्हणून फरक पडत नाही. पांढुर्ण्याच्या आणि सौंसरच्या सरकारी रुग्णालयांत जाणारा माणूस म्हणूनच ग्राहक ठरत नाही. म्हणजे त्याला दाद नाही असे नाही. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात १९६३ च्या जुलैमध्ये बाळंत झालेल्या एका महिलेची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली आणि पोटात टॉवेल राहून गेला. दुसऱ्या ऑपरेशनमध्ये तो निघाला, पण ती वाचली नाही. पतीने दिवाणी दावा केला. खालच्या कोर्टात जिंकला, उच्च न्यायालयात हरला, आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारला जबाबदार धरून ३६ हजार रुपये मंजूर केले. रुग्णालय चालवताना सरकार आपल्या कर्मचाऱ्यांच्या चुकीपासून हात झटकू शकत नाही, हे तत्त्व त्या अच्युतराव खोडवा खटल्याने पक्के केले. तत्त्व पक्के झाले, पण त्याला तेहेतीस वर्षे लागली. संत्र्याच्या बागेत मजुरी करणाऱ्या घराला तेहेतीस वर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवता येतील का?

खासगी रुग्णालयाचे तसे नाही, आणि इथे सीमेवरच्या लोकांसाठी एक मोठी सोय झाली आहे जी फारशी कोणी सांगत नाही. पूर्वीच्या कायद्यात नागपूरच्या रुग्णालयाविरुद्ध तक्रार करायची तर साधारणपणे नागपुरातच हेलपाटे घालावे लागत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करायची मुभा दिली. सौंसरच्या माणसाला नागपूरच्या कितीही मोठ्या रुग्णालयाला आपल्या जिल्ह्याच्या आयोगापुढे बोलावता येते. उपचाराला दिलेली रक्कम पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग पुरतो, पाच लाखांपर्यंत फी नाही, वकील लावायची सक्ती नाही, आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या तक्रार दाखल करता येते. मुदत दोन वर्षांची. आयुष्मान कार्डावर खासगी रुग्णालयात उपचार झाले म्हणून हक्क जातो असे समजू नये. जिथे काही रुग्णांकडून पैसे घेतात आणि काहींना मोफत पाहतात, तिथला मोफत रुग्णही ग्राहक असतो, हे त्याच १९९५ च्या निकालात आहे.

तिसरा रस्ता वैद्यक परिषदेचा. डॉक्टरचे नाव नोंदणीतून काढण्याचा किंवा काही काळ थांबवण्याचा अधिकार फक्त तिला आहे, आणि खरे तर गैरवर्तनाची सगळ्यात योग्य शिक्षा हीच. पण इथे सीमा पुन्हा आडवी येते. नागपूरचा डॉक्टर महाराष्ट्र वैद्यक परिषदेत नोंदलेला असेल तर तक्रार मुंबईला, छिंदवाड्याचा असेल तर भोपाळला. २००२ च्या आचारसंहितेत तक्रारीचा निकाल सहा महिन्यांत लावावा असे म्हटले आहे. परिषदा डॉक्टरांच्याच आहेत, सहकाऱ्याच्या चुकीवर बोट ठेवायला त्या कचरतात, हा आक्षेप जुना आहे आणि बिनबुडाचा नाही. त्यात भर म्हणजे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कायद्यात राज्य परिषदेच्या निर्णयावर अपिलाचा हक्क डॉक्टरला स्पष्ट शब्दांत दिला आहे, रुग्णाला नाही. त्या आधारावर रुग्णांची अपिले परतही पाठवली गेली. कायद्याच्या शब्दांत ज्याचे माणूस गेले त्याला अपील नाही आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याला आहे, ही तरतूद बदलली पाहिजे. यावर दुमत होण्याचे कारण नाही.

झोलाछापाच्या बाबतीत तर कायदा अगदी साफ आहे, अंमलबजावणीच लंगडी आहे. मुंबईच्या एका होमिओपॅथी डॉक्टरने तापाच्या रुग्णाला अ‍ॅलोपॅथीची औषधे दिली आणि रुग्ण दगावला. त्या पूनम वर्मा खटल्यात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की जी विद्या शिकलाच नाहीत तिचा उपचार करणे हाच निष्काळजीपणा, वेगळा पुरावा लागत नाही. तीन लाखांची भरपाई मिळाली. नोंदणी नसताना डॉक्टरकी केली तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात एक वर्षापर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्हीची तरतूद आहे. तरी मध्य प्रदेशातच, दमोहच्या एका रुग्णालयात परदेशी हृदयरोगतज्ज्ञाचे नाव लावून हृदयावर उपचार केल्याच्या आरोपाखाली एप्रिल २०२५ मध्ये एकाला अटक झाली. जिल्हा मुख्यालयातल्या रुग्णालयाने पदवी तपासली नसेल, तर खेड्यातल्या फळ्या टाकलेल्या दवाखान्याची कोण तपासणार?

आता रुग्णाच्या घरच्यांविषयी थोडे, कारण खटले बहुतेक वेळा पहिल्या आठवड्यातच जिंकले किंवा हरले जातात. कागद मागायला लाजू नये. रुग्णालयाने मागणी केल्यापासून ७२ तासांत केसपेपरच्या प्रती द्यायच्या असतात, त्याच २००२ च्या आचारसंहितेत तसे आहे. मागणी लेखी करावी आणि तिची पोच घ्यावी. औषधाची रिकामी बाटलीसुद्धा फेकू नये, तिच्यावरचा बॅच क्रमांक हाच पुढे मुख्य पुरावा होतो. आणि मृत्यूचे कारण संशयास्पद वाटत असेल तर, कितीही जड गेले तरी, शवविच्छेदनाला नाही म्हणू नये. परासियातल्या बहुतेक मुलांचे शवविच्छेदन झालेच नाही. ऑक्टोबरमध्ये एका दोन वर्षांच्या मुलीचा पुरलेला देह बाहेर काढावा लागला. त्या आईबापांना दुसऱ्यांदा त्या दुःखातून जावे लागले, ते टाळता आले असते. याचा दोष त्यांचा नाही. सप्टेंबरात मुलांचे मृत्यू वाढताहेत हे दिसत असताना डॉक्टरांनी आणि प्रशासनाने शवविच्छेदनाचा आग्रह धरायला हवा होता.

आणि तोडफोड करू नये. काच फुटते, व्हिडिओ फिरतो, आणि त्यानंतर सगळी चर्चा मारहाणीची होते. मूळ चूक कोणी केली ते कागदात दबून जाते, उलट रुग्णाच्या नातेवाइकांवरच गुन्हा दाखल होतो. डॉक्टर तालुक्याला यायला तयार नसतात त्यामागे ही भीतीही आहे, आणि पांढुर्ण्यासारख्या नव्या जिल्ह्याला डॉक्टर हवे आहेत.

डॉक्टरांच्या संघटनांनाही एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. अटकेच्या विरोधात त्या ज्या तडफेने उभ्या राहतात, त्याच तडफेने औषध कंपन्यांच्या भेटी-कमिशनविरुद्ध उभ्या राहिलेल्या दिसत नाहीत. कंपन्यांकडून भेटवस्तू, प्रवास, रोख रक्कम घेण्यास नियमांनी मनाई आहे. २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने अधिक कडक नियम आणले आणि विरोध होताच तीन आठवड्यांत ते स्थगित केले. आपल्याच माणसाची चूक आपणच आधी सांगितली, तर पोलिसांना दवाखान्यात शिरायची गरज कमी पडेल.

पांढुर्णा जिल्ह्याच्या प्रशासनाकडून मागणे फार मोठे नाही. गोटमारीच्या, म्हणजे दगडफेकीच्या यात्रेच्या, दिवशी जाम नदीच्या काठावर सरकार वैद्यकीय पथके, रुग्णवाहिका, अधिकारी सगळे उभे करते. म्हणजे ठरवले तर यंत्रणा उभी राहते. तशीच वर्षभर चालणारी एक तक्रार खिडकी जिल्हा रुग्णालयात हवी, जिथे मराठीत लिहिलेला अर्जही घेतला जाईल, आणि प्रकरण ग्राहक आयोगाचे, परिषदेचे की पोलिसांचे हे सांगणारा एक जाणकार माणूस बसेल. महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांनी ठरवून घ्यावे की सीमेपलीकडच्या रुग्णालयात एकाच भागातली मुले एकाच लक्षणाने येऊ लागली, तर त्याची खबर त्याच दिवशी दोन्ही राज्यांच्या औषध प्रशासनाला जाईल. नागपूरच्या डॉक्टरांना शंका आली, पण राज्यभर बंदी यायला ४ ऑक्टोबर उजाडला. मधल्या दिवसांत किती बाटल्या विकल्या गेल्या, याचा हिशेब सरकारने जाहीर करायला हवा.

मुले गमावलेल्या घरांना राज्याने प्रत्येकी चार लाख रुपये जाहीर केले. ती मदत आहे, न्याय नव्हे. पांढुर्णा आणि सौंसरच्या आमदारांनी, पक्ष कोणताही असो, विधानसभेत एकच प्रश्न लावून धरावा: या प्रकरणात परवाना देणाऱ्या आणि तपासणी न करणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी किती जणांवर फौजदारी आरोपपत्र दाखल झाले? आणि उत्तरात निलंबन व बदल्यांचे आकडे आले, तर तो प्रश्न पुढच्या अधिवेशनात पुन्हा विचारावा.